मुंबईत अटकेची नोंद शोधायची तर: पोलीस ठाणं, कोर्ट, तुरुंग

आर्थर रोड तुरुंगात आज कोण कोण आहे, याची नावनिशीवार यादी इंटरनेटवर कुठेच नाही. भायखळ्याची नाही, ठाण्याची नाही, तळोज्याचीही नाही. अमेरिकेतल्या कित्येक काउंटींमध्ये शेरीफचं कार्यालय अटक झालेल्यांची नावं आणि फोटो संकेतस्थळावर टाकतं. ते पाहून आपल्याकडेही लोक ‘मुंबई जेल कैदी यादी’ असं शोधतात आणि पैसे मागणाऱ्या खासगी साइटींवर जाऊन पोचतात. तिथे मिळतं ते बहुतेक वेळा ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर, फुकट दिसणारंच, आणि तेही शिळं.

नोंद गुप्त असते असं नाही, पण ती माणसाबरोबर फिरते. पोलीस ठाण्यात तिचा नंबर असतो गु.र.क्र., म्हणजे गुन्हा रजिस्टर क्रमांक. कोर्टात गेली की केस नंबर आणि सीएनआर (ई-कोर्ट्सवरचा केसचा ओळख क्रमांक) मिळतो, तुरुंगाच्या दारात कैदी नंबर पडतो. हे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे नाव घेऊन हिंडण्यापेक्षा ठाणं, गु.र.क्र. आणि वर्ष या तीन गोष्टी आधी हातात घ्या. एकदा त्या मिळाल्या की पुढचं काम अर्ध्या तासाचं असतं. मिळाल्या नाहीत तर एकाच नावाचे पाच जण सापडतात आणि त्यातला आपला कोणता हे कळत नाही.

आधी अटक झालीय का ते बघा

‘पोलीस घेऊन गेले’ याचे तीन वेगळे अर्थ होतात. पहिला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बोलण्यात बीएनएसएस) कलम ३५(३) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच ४१अ होतं. यात अटक नसते, म्हणून अटकेची नोंदही नसते. दुसरा, प्रतिबंधक कारवाई म्हणून उचललं: कलम १७०, किंवा ज्याला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात ते. मुंबईत या केसेस सहायक पोलीस आयुक्तांपुढे, विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालतात आणि ई-कोर्ट्सवर त्यांचा पत्ता लागत नाही. तिसरा, गुन्ह्यात रीतसर अटक. पुढचं बरंचसं या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

‘ताब्यात घेतलंय, अटक दाखवलेली नाही’ हे उत्तर ठाण्यात बरेचदा ऐकू येतं. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. राज्यघटनेचं कलम २२(२) आणि बीएनएसएसचं कलम ५८ दोन्ही तेच सांगतात. आणि हे तास माणसाची मोकळीक संपली तेव्हापासून मोजायचे, कागदावर अटक दाखवली त्या मिनिटापासून नाही, अशी भूमिका उच्च न्यायालयांनी घेतलेली आहे. म्हणून घरून कधी नेलं ती वेळ लगेच लिहून ठेवा. कोण आलं होतं, वर्दीत की साध्या कपड्यांत, गाडीचा नंबर काय, हेही.

ठाणं कोणतं?

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. मुंबईत नव्वदहून जास्त पोलीस ठाणी आहेत आणि त्यांच्या हद्दी आपल्या बोलण्यातल्या भागांप्रमाणे नसतात. ‘कुर्ल्याला नेलं’ म्हणजे कुर्ला, नेहरूनगर, चुनाभट्टी, विनोबा भावे नगर यांपैकी कुठलंही. ‘अंधेरी’ म्हणजे अंधेरी, डी. एन. नगर, आंबोली, ओशिवरा, वर्सोवा, एमआयडीसी, सहार. मालाडची तीच गत: मालाड, मालवणी, कुरार. दक्षिण मुंबईत आद्याक्षरांचा घोळ असतो. एम. आर. ए. मार्ग म्हणजे माता रमाबाई आंबेडकर मार्ग, एल. टी. मार्ग म्हणजे लोकमान्य टिळक मार्ग. पोर्टलच्या यादीत पूर्ण नाव असेल की आद्याक्षरं, हे ठाण्यागणिक बदलतं, दोन्ही बघा.

लोकलमध्ये किंवा फलाटावर घडलेला गुन्हा शहर पोलिसांकडे नसतो, तो लोहमार्ग पोलिसांकडे जातो आणि त्यांची ठाणी वेगळी: दादर, कुर्ला, अंधेरी, बोरिवली वगैरे, थेट कल्याणपलीकडेपर्यंत. रेल्वे सुरक्षा दल म्हणजे आरपीएफ हे आणखी वेगळं प्रकरण. रेल्वे कायद्याखालचे त्यांचे गुन्हे रेल्वे कोर्टात जातात.

दुसरी अडचण गुन्हे शाखेची. गुन्हा आधी स्थानिक ठाण्यात नोंदला जातो आणि तपास गुन्हे शाखेच्या कक्षाकडे, आर्थिक गुन्हे शाखेकडे किंवा अमली पदार्थविरोधी कक्षाकडे गेला की तिथे त्याला नवा नंबर पडतो. कोर्टाच्या कागदावर मग दोन नंबर दिसतात, एक ठाण्याचा आणि एक ‘डीसीबी सीआयडी’चा, म्हणजे गुन्हे शाखेचा. एका नंबराने काही सापडलं नाही तर दुसरा टाका. ईडी, सीबीआय, एनसीबी, डीआरआय, कस्टम्स यांनी केलेली अटक राज्य पोलिसांच्या पोर्टलवर शोधू नका. सीबीआय आपले एफआयआर स्वतःच्या संकेतस्थळावर टाकते. ईडीचा ईसीआयआर, म्हणजे तिची एफआयआरसारखी अंतर्गत नोंद, मात्र बाहेर येत नाही. तो आरोपीला देणं बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं. तिथे शोध सत्र न्यायालयातल्या विशेष कोर्टापासून सुरू करावा लागतो.

ठाण्यात काय मागायचं

ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी ‘आमचा मुलगा इथे आहे का?’ असं विचारलं की ‘साहेब बाहेर गेलेत, बसा’ हे उत्तर मिळतं. प्रश्न नेमका असला की उत्तरही बदलतं: ‘साहेब, अमुक नावाच्या माणसाला कोणत्या गु.र.क्र.मध्ये अटक आहे, कलमं कोणती, तपास अधिकारी कोण आणि कोर्टात कधी हजर करणार?’ चारही उत्तरं एका कागदावर मावतात. ती लिहून घ्या आणि देणाऱ्याच्या छातीवरची नेमपट्टी वाचून घ्या.

कायद्याचा आधार इथे भक्कम आहे. बीएनएसएसच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमलेला असायला हवा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप याची माहिती ठेवणं ही त्याची जबाबदारी, आणि ही माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची आहे, फलकावर किंवा डिजिटल स्वरूपात. मूळ कल्पना सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातल्या डिसेंबर १९९६ च्या निकालातली. अटक झाल्यापासून १२ तासांत नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि तिथल्या फलकावर लावायचं, असं त्या निकालात म्हटलं होतं. प्रत्यक्षात फलक असतो पण भरलेला नसतो, किंवा टेबलामागच्या भिंतीवर असतो जिथे बाहेरच्याची नजर जात नाही. ‘कलम ३७चा फलक कुठे आहे?’ एवढं शांतपणे विचारलं तरी काम पुढे सरकतं.

नातेवाईक असाल तर आणखी दोन गोष्टी मागता येतात. कलम ३६ प्रमाणे अटकेच्या वेळी अटकपत्र करावं लागतं. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याचीही. कलम ४८ प्रमाणे अटक आणि ठेवलेली जागा नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावी लागते आणि कुणाला कळवलं याची नोंद ठाण्यातल्या वहीत करावी लागते. तुम्हाला न कळवता ‘कळवलं’ असं लिहिलेलं निघालं, तर ते दंडाधिकाऱ्यापुढे वकिलाने सांगायचं. नुसत्या अटकपत्रावर थांबू नका. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलं, तेही मुंबईतल्याच एका प्रकरणात.

माणूस ठाण्यात दिसत नाही म्हणून घाबरून जाऊ नका. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी करावी लागते, त्यासाठी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात नेलेलं असू शकतं. शिवाय ज्या ठाण्याचा गुन्हा त्याच ठाण्याच्या कोठडीत ठेवतात असं नाही; रात्रीपुरतं दुसऱ्या ठाण्याच्या लॉकअपमध्ये पाठवतात, स्त्रियांच्या बाबतीत तर हमखास. ‘रात्री ठेवणार कुठे?’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

पोर्टलवर

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर आणि अटक आरोपी अशा दोन वेगळ्या शोध-खिडक्या आहेत. लोक पहिलीवर नाव टाकायला जातात आणि निराश होतात. तिथे शोध चालतो तो जिल्हा, पोलीस ठाणं, तारखांची मुदत आणि असल्यास एफआयआर क्रमांक यांवर. ‘जिल्हा’ या रकान्यात मुंबईसाठी बृहन्मुंबई शहर निवडा. लोहमार्ग मुंबई वेगळा, ठाणे शहर, नवी मुंबई, मीरा-भाईंदर-वसई-विरार वेगळे. दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे घडलेला गुन्हा मुंबईत शोधणारे बरेच असतात.

तारीख टाकताना घटनेची नव्हे, गुन्हा नोंदवल्याची धरायची. फसवणुकीच्या गुन्ह्यांत या दोहोंत वर्षाचंही अंतर असतं. मुदत आठवडाभराची ठेवा. मोठी ठेवली तर गजबजलेल्या ठाण्याची यादी पानंच्या पानं वाढते.

सप्टेंबर २०१६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. जोडणीच्या अडचणी असतील तिथे ४८, फार तर ७२ तास. म्हणून तीन दिवस होईपर्यंत ‘नाही’ म्हणजे खरंच नाही असं समजू नका. लैंगिक अत्याचार, पॉक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे एफआयआर तिथे टाकतच नाहीत. ते न टाकण्याचा निर्णय उपअधीक्षकाच्या, म्हणजे मुंबईत सहायक आयुक्ताच्या, दर्जाखालचा अधिकारी घेऊ शकत नाही. संवेदनशील म्हणून प्रत नाकारली आणि तुमचा संबंध असेल, तर आयुक्तांकडे अर्ज करता येतो. तीन अधिकाऱ्यांच्या समितीने तीन दिवसांत त्यावर निर्णय द्यायचा असतो. आरोपीला किंवा त्याच्या वतीने अर्ज करणाऱ्याला ठाण्यातून २४ तासांत आणि कोर्टातून दोन कामकाजी दिवसांत प्रत मिळावी, हेही त्याच आदेशात आहे. फिर्यादीला तर पहिली प्रत जागच्या जागी फुकट.

हाती आलेला एफआयआर नीट वाचा, त्यात पुढचा रस्ता असतो. रकाना १ मध्ये ठाणं, वर्ष, क्रमांक, दिवस आणि वेळ. रकाना २ मध्ये कलमं. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहितेचीच कलमं लागतात, एफआयआर नंतरचा असला तरी. म्हणून ४२० आणि ३१८(४) यांपैकी कुठलंही दिसलं तरी गोंधळू नका, दोन्ही फसवणूकच. रकाना ७ आरोपींचा. तिथे ‘अनोळखी इसम’ असेल तर नावाने शोधून काही उपयोग नाही, कारण अटक नंतर झाली आणि एफआयआर मागे जाऊन बदलत नाही. अटकेचा फॉर्म वेगळा असतो, तो पोर्टलवर येत नाही. रकाना १५ मध्ये एफआयआर कोर्टाकडे कधी रवाना झाला ते असतं.

दुसरी खिडकी, अटक आरोपींची, ठाणं आणि तारखेवरून यादी देते. उपयोगी आहे, पण ती ठाण्याने संगणकात नोंद भरण्यावर चालते. यादीत नाव नसणं हा कशाचाच पुरावा नाही. असलं, तर गु.र.क्र. आयता मिळतो.

कोर्टात

प्रत्येक ठाणं ठरावीक दंडाधिकारी न्यायालयाला जोडलेलं असतं: किल्ला कोर्ट, गिरगाव, माझगाव, भोईवाडा, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड, वांद्रे, अंधेरी, बोरिवली. कोणत्या कोर्टात नेणार हे तपास अधिकाऱ्याला किंवा त्याच्या लेखनिकाला माहीत असतं. कोर्ट नंबरही विचारा, नाहीतर अंधेरी कोर्टात एका दारातून दुसऱ्या दारात फिरत बसाल. रिमांड, म्हणजे कोठडीची सुनावणी, बहुधा दुपारच्या सत्रात होतं, पण सकाळपासून हजर राहिलेलं बरं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सुट्टीच्या कोर्टात हजर करतात, आणि ते नेहमीचं कोर्ट असेलच असं नाही. शनिवारी रात्री अटक झाली असेल तर हे आधी विचारून ठेवा.

कोर्टात तुम्हाला ऐकायचा असतो एकच शब्द. ‘पीसीआर’ म्हणजे पोलीस कोठडी, माणूस ठाण्याकडे परत. ‘एमसीआर’ किंवा ‘जेसी’ म्हणजे न्यायालयीन कोठडी, आता तुरुंग. पूर्वी पहिले १५ दिवस संपले की पोलीस कोठडीचा विषय मिटायचा. बीएनएसएसच्या कलम १८७ मध्ये एकूण दिवस १५च आहेत, पण ते गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. म्हणजे तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात येऊ शकतो. तुरुंगाच्या खिडकीवर ‘इथे नाही’ असं ऐकू आलं, तर आधी हे तपासा.

ऑनलाइन शोध ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर करायचा. राज्य महाराष्ट्र निवडल्यावर मुंबईच्या दोन नोंदी आपल्या कामाच्या: सीएमएम कोर्ट, म्हणजे दंडाधिकारी न्यायालयं, आणि शहर दिवाणी न्यायालय. सत्र न्यायालयाच्या फौजदारी केसेस या दुसऱ्या नोंदीखाली असतात. ‘दिवाणी’ हे नाव वाचून लोक तिकडे फिरकत नाहीत आणि खून, अमली पदार्थ, मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) यांचे खटले त्यांना सापडत नाहीत.

एफआयआर क्रमांकाने शोधा: ठाणं, क्रमांक, वर्ष, आणि प्रलंबित-निकाली असा पर्याय येईल तिथे दोन्ही. क्रमांकाच्या आधीची शून्यं टाकू नका. काही आलं नाही तर त्याचं कारण बहुधा साधं असतं: आरोपपत्र अजून दाखल नाही. ते दाखल करायला ६० किंवा ९० दिवस मिळतात, त्याआधी केस नंबरच पडलेला नसतो. या काळात उपयोगी पडतो तो जामीन अर्ज. तो स्वतंत्र नोंदला जातो, आणि सत्र न्यायालयाच्या आदेशाची प्रत अपलोड झालेली असेल तर पहिल्याच परिच्छेदात ठाणं, गु.र.क्र., कलमं आणि अटकेची तारीख लिहिलेली असते. अमुक तारखेपासून कोठडीत असल्याचा उल्लेख यापेक्षा विश्वासार्ह कुठे मिळत नाही. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर बीए म्हणजे जामीन अर्ज, एबीए म्हणजे अटकपूर्व.

पक्षकाराच्या नावाने शोधायचं झालं तर किमान तीन अक्षरं लागतात आणि नोंदी बहुतेक इंग्रजी लिपीत असतात. शेख, जाधव, मोहम्मद यांची स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होतात. पूर्ण नाव टाकण्याऐवजी आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं आणि वर्ष टाका, मग यादीतून ठाण्यावरून छाटा. आरोपी अनेक असतील तर पहिल्याचंच नाव ठळक दिसतं, बाकीचे ‘व इतर’मध्ये जातात. केस सापडली की १६ अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. कोर्ट बदललं, न्यायाधीश बदलले तरी पुन्हा शोधायला तोच सोपा पडतो. खटला सत्र न्यायालयात वर्ग झाला तर मात्र नवीन सीएनआर पडतो.

आरोपपत्र कुणालाही मिळेल अशी समजूत आहे, ती चुकीची. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सार्वजनिक दस्तऐवज नाही असं सांगत ऑनलाइन टाकण्याची मागणी फेटाळली. आरोपी आणि पीडित यांना ते मिळतं. त्रयस्थाला कोर्टाच्या नक्कल विभागात कारण देऊन अर्ज करावा लागतो आणि त्यावर कोर्टाचा आदेश लागतो.

तुरुंग

मुंबईतला पुरुष कच्चा कैदी बहुधा आर्थर रोडला, म्हणजे सातरस्त्याजवळच्या मुंबई मध्यवर्ती कारागृहात जातो, आणि बाई भायखळ्याच्या महिला कारागृहात. पण आर्थर रोड क्षमतेच्या कितीतरी पुढे भरलेलं असतं, त्यामुळे तळोजा, ठाणे किंवा कल्याणचं आधारवाडी यांपैकी कुठेही रवानगी होते, कधीकधी आठवड्याभरात दुसरीकडेही हलवतात. नेमका तुरुंग कळण्याची जागा म्हणजे कोर्टातून निघालेलं कोठडीचं वॉरंट. कोर्टाच्या लिपिकाकडे किंवा आरोपीला घेऊन आलेल्या पोलिसाकडे त्याच दिवशी विचारलं तर एका वाक्यात उत्तर मिळतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर चार ठिकाणी फोन.

ई-मुलाखत हे केंद्राच्या ई-प्रिझन्स व्यवस्थेतलं भेटीच्या नोंदणीचं पान आहे, कैदी शोधण्याचं नाही. तिथे तुरुंग, कैद्याचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय हे सगळं तुम्हीच भरायचं असतं आणि मंजुरी तुरुंगाकडून येते. कोर्टाच्या कागदावर नाव जसं लिहिलंय तसंच भरा. घरचं नाव किंवा आधारवरचं वेगळं स्पेलिंग टाकलं की अर्ज परत येतो. माणूस आत आला त्याच रात्री नोंद संगणकावर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रत्यक्ष खिडकीवर जाताना ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि रिमांड आदेशाची किंवा एफआयआरची प्रत न्या. कैदी नंबर एकदा मिळाला की पैसे भरणं, वकीलपत्रावर सही घेणं, सगळं त्यावर चालतं. जामीन झाल्यावरही सुटकेचा आदेश तुरुंगाच्या जामीन पेटीत वेळेत पडला नाही तर ती रात्र आतच जाते.

१८ वर्षांखालच्या मुलाची नोंद या कुठल्याच वाटेने शोधू नका. त्याला लॉकअप किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, तो बाल न्याय मंडळापुढे जातो आणि त्याची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. पालकांनी ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला विचारायचं.

माहिती अधिकार कधी वापरायचा

आज अटक झालेल्या माणसासाठी नाही, ३० दिवसांत उत्तर येऊन काय करणार? जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची तरतूद आहे, पण ती मागताना कारण स्पष्ट लिहावं लागतं. हा कायदा खरा उपयोगी पडतो तो वस्तीतल्या कारवाईचा आढावा घ्यायचा असेल तेव्हा: पत्रकार, रहिवासी संघ, संशोधक यांना. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्पने किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर. प्रतींना पानामागे २ रुपये. विचारणा अशी ठेवा: ‘अमुक पोलीस ठाण्यात १ ते ३० जून २०२५ या काळात अटक झालेल्या व्यक्तींची संख्या, संबंधित गु.र.क्र. व कलमे; तसेच बीएनएसएस कलम ३७ नुसार प्रदर्शित केलेल्या माहितीच्या प्रती.’ ‘का अटक केली’ असं विचारू नका. कारणमीमांसा म्हणजे माहिती नव्हे, असं उत्तर येतं.

नकार दोन कलमांखाली येतो. ८(१)(ज) म्हणजे तपासाला बाधा, आणि ८(१)(ञ) म्हणजे वैयक्तिक माहिती. दुसरं कलम डेटा संरक्षण कायद्याने नोव्हेंबर २०२५ पासून बरंच रुंद केलंय, म्हणून नावं-पत्ते मागण्याऐवजी गु.र.क्र. मागणं शहाणपणाचं, नाव हवंच असेल तर ते एफआयआरमधून काढता येतं. पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपये. दुसरं राज्य माहिती आयोगाच्या बृहन्मुंबई खंडपीठाकडे ९० दिवसांत.

भाडेकरू किंवा घरकामाला येणाऱ्याची माहिती काढण्यासाठी मात्र ही खटपट चुकीची आहे. त्यासाठी पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याची सोय आहे आणि त्या माणसाने स्वतः अर्ज करून घेतलेलं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आहे. ई-कोर्ट्सवर नाव जुळलं म्हणून कामावरून काढणं सोपं असतं, ते त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं हे नंतर कळतं. सापडलेल्या केसचा निकालही बघा. निर्दोष सुटलेल्याचा एफआयआर इंटरनेटवर तसाच राहतो. आणि बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काही व्हॉट्सॲपवर फिरवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तुमच्यावरच गुन्हा.

‘तुमच्या मुलाला अटक झालीय, पैसे पाठवा’ असा फोन आला तर चार गोष्टी विचारा: ठाणं, गु.र.क्र., कलमं, कोर्ट. फोन ठेवा आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून लावा, किंवा ११२ वर विचारा. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही.

माणूस सापडतच नसेल तर

२४ तास उलटले, ठाणं नाही म्हणतंय, कोर्टात हजर केलेलं नाही, तर वाट पाहू नका. परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना आणि आयुक्तांच्या कार्यालयाला ईमेल करा, आणि आवक-जावक विभागात लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरण मिळतं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणूस हजर करा अशी याचिका. तिला लागतं ते इतकंच: नेल्याची तारीख-वेळ, कोणी नेलं, पाहणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण, ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच आणि ईमेलची छापील प्रत. सीसीटीव्हीचं चित्रण सर्वांत आधी काढून घ्या, कारण सोसायट्यांच्या यंत्रात ते थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं.